मासळी लिलावाच्या वेब सर्व्हिसेस: आधी करार लिहायचा की आधी कोड?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बंदरावरच्या मच्छीमार सोसायटीचं काम आहे. संध्याकाळच्या लिलावाच्या नोंदी आज वहीत होतात, त्या वेब सर्व्हिसवर आणायच्यात. परिस्थिती अशी:

नौका ९० च्या आसपास. भर हंगामात तीन तासांत ६०० पर्यंत लॉट (एकेका बोलीचा माल) लागतात. जेटीवर सहा अँड्रॉइड फोन, रेंज येऊन जाऊन. सोसायटीच्या ऑफिसात टॅली. बाहेरून दोघे जोडले जाणार. एक प्रक्रिया कारखाना, त्यांची सिस्टीम जुन्या जावातली, 'डब्ल्यूएसडीएल द्या' (सोप सर्व्हिसचं वर्णन देणारी फाइल) एवढंच म्हणतात. दुसरा बर्फवाला, त्याला फक्त उद्या किती लाद्या लागतील ते हवं. टीम तिघांची. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेवढाच वेळ हातात.

रेस्ट, सोप की जीआरपीसी (प्रोग्रामांनी एकमेकांशी बोलायच्या तीन तऱ्हा)? मायक्रोसर्व्हिसेस (एका प्रोग्रामऐवजी अनेक छोटे, वेगळे) कराव्यात का? आणि ओपनएपीआयची फाइल (सर्व्हिस काय घेते, काय देते त्याचा करार) आधी लिहून मग कोड, की कोड लिहून त्यातून फाइल काढायची?

---

जेटीवरचा

आधी भागाकार करा. तीन तास म्हणजे १०,८०० सेकंद, भागिले ६००. दर १८ सेकंदांना एक लॉट. एका लॉटमागे नोंद, विक्री, दुरुस्ती, यादी परत मागवणं असं सगळं धरून दहा विनंत्या पकडा. तरी दोन सेकंदांना एक जेमतेम. रेंज परत आली की सहाही फोन साठलेलं एकदम ओततील, तेव्हाही शेकड्यातच. एवढ्याला एक छोटा सर्व्हर आणि एक पोस्टग्रेस डेटाबेस पुरून उरतं.

मायक्रोसर्व्हिसेसचा विचार सोडा. लॉट एका डेटाबेसात आणि विक्री दुसऱ्यात ठेवली की 'लॉट विकला पण विक्रीची नोंद नाही' ही अवस्था तुम्ही स्वतः तयार करता आणि मग ती निस्तरायला रांगा, भरपाईचे व्यवहार वगैरे आणता. एकच अॅप्लिकेशन, आत चार कप्पे: आवक, लिलाव, हिशेब, बर्फ. प्रत्येकाचा पोस्टग्रेसमध्ये वेगळा स्कीमा (टेबलांचा गट). नियम एकच: हिशेबाच्या कोडने लिलावाच्या टेबलावर थेट जॉइन मारायचा (टेबलं जोडून वाचायची) नाही, लिलावाचं फंक्शन बोलवायचं. पुढे हिशेब वेगळा काढावा लागला तर याच रेषेवर कापता येतो.

आणि सर्व्हर सोसायटीच्या खोलीत ठेवू नका. निसर्ग वादळ (३ जून २०२०) आठवा, वीज आणि टॉवर दोन्ही गेले होते. सर्व्हर मुंबईच्या क्लाउडवर. बंदरावर जे टिकायला हवं ते फोनमध्ये.

---

तांबडीमाती

शैली निवडताना 'कोण बोलवणार' हे बघायचं. आपल्याला काय आवडतं त्याला किंमत नाही.

फोन आणि बर्फवाला: साधं एचटीटीपी, जेसन (माहिती लिहायचा साधा साचा), चार-पाच संसाधनं. लोक याला रेस्ट म्हणतात. फील्डिंगने २००० सालच्या प्रबंधात मांडलेलं रेस्ट याहून बरंच कडक आहे, त्यावरून वाद घालत बसू नका.

जीआरपीसी: एचटीटीपी/२ आणि त्यातले ट्रेलर (उत्तराच्या शेवटी येणारी जादा माहिती) लागतात, ब्राउझरमधून थेट बोलवता येत नाही, मध्ये प्रॉक्सी (मध्यस्थ सर्व्हर) बसवावा लागतो. आतल्या आत दहा सर्व्हिसेस असत्या तर विचार केला असता. ग्राफक्यूएल (हवी तेवढीच फील्ड मागायची पद्धत): सहा फोनांवर एकच स्क्रीन आहे. नको.

कारखाना: त्यांना सोप द्या, पण पातळ पापुद्र्यासारखं. आत तीच फंक्शन्स, बाहेर फक्त लिफाफा. डब्ल्यूएसडीएल १.१, संदेशाचा प्रकार डॉक्युमेंट/लिटरल, गुंडाळलेली रचना. आरपीसी/एन्कोडेड या दुसऱ्या प्रकाराच्या वाटेला जाऊ नका, डब्ल्यूएस-आय या संघटनेच्या बेसिक प्रोफाइलने ते केव्हाच बाद केलंय. सोप १.१ की १.२ ते त्यांच्या लायब्ररीला विचारून ठरवा. दोन्हींत कंटेंट-टाइप (मजकूर कुठल्या साच्यातला ते सांगणारी ओळ) वेगळा असतो आणि पहिली 'चालत नाही' ची तक्रार बहुतेक तिथूनच येते.

टॅलीला यातलं काहीच नको. टॅली स्वतः एका पोर्टवर (ठरलेला ९०००) एक्सएमएलचा लिफाफा घेते. मात्र तो पोर्ट राउटरमधून इंटरनेटवर उघडायचा नाही, म्हणजे नाहीच. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर एक छोटा प्रोग्राम ठेवा. तो दर पाच मिनिटांनी आपल्या सर्व्हरकडून नवे व्हाउचर ओढेल आणि शेजारच्या टॅलीला देईल. बोलणं नेहमी आतून बाहेर.

---

कळलाव्या

आता मुख्य प्रश्नावर भांडू. तिघांच्या टीमने करार आधी लिहायचा म्हणजे काय, तर दीड हजार ओळींची यामल साच्यातली फाइल हाताने. दोन स्पेस इकडेतिकडे झाल्या की अर्धा दिवस गेला. आणि तिसऱ्या आठवड्यात कोड एकीकडे, फाइल दुसरीकडे. फास्टएपीआय (पायथनची तयार चौकट) घ्या, टाइप लिहा, ओपनएपीआय आपोआप मिळतं आणि ते कोडशी जुळतंच. बंदीच्या ६१ दिवसांत कागदं रंगवायची की काम करायचं?

---

ओहोटी

कळलाव्या, फाइल कोडशी जुळते हे खरं, पण कोड उद्या बदलला की फाइलही मुकाट्याने बदलते. गोची तिथेच आहे. कुणीतरी क्लासमधल्या 'वजन'चं 'निव्वळ वजन' केलं, सगळ्या चाचण्या हिरव्या, आणि जेटीवरच्या फोनला वजन रिकामं. सोपमध्ये तर याहून वाईट. जावाच्या क्लासमधून एक्सएसडी (एक्सएमएलची रचना ठरवणारी फाइल) काढला की फील्डांचा क्रम 'सिक्वेन्स' म्हणून करारात जातो. क्लासमध्ये मधेच एक फील्ड घातलं की कडक तपासणी करणाऱ्या ग्राहकाचा संदेश नापास. म्हणून कारखान्याचा एक्सएसडी तरी हातानेच लिहा, त्यात दुमत नको.

रेस्टसाठी करार आधी लिहायचा म्हणजे दोन महिने लिहीत बसायचं नाही. चार दिवसांचं काम आहे:

पहिला दिवस कागदावर. कोण काय मागतो ती वाक्यं मराठीत लिहा. 'तांडेल लॉट लावतो', 'दलाल विक्री नोंदवतो', 'लेखनिक दुरुस्ती करतो'. वाक्यातली नामं ती संसाधनं. 'विक्री' हे लॉटचं एक फील्ड नाही, स्वतंत्र नोंद आहे, हे इथेच कळतं.

दुसऱ्या दिवशी प्रत्येकाचं एक खरं उदाहरण जेसनमध्ये. स्कीमा (रचनेचे नियम) नंतर. उदाहरण आधी लिहिलं की 'भाव किलोचा की टोपलीचा?' हा प्रश्न लगेच वर येतो.

तिसऱ्या दिवशी ओपनएपीआय फाइल. सामायिक भाग (पैसे, वजन, चूक, पानं) एकदाच लिहून संदर्भ द्या, मग दीड हजार ओळी होत नाहीत. स्पेक्ट्रल नावाचं लिंटर (फाइलीतल्या चुका दाखवणारं साधन) लावा. ३.१ घ्यायचं असेल तर तुमचा कोड जनरेटर ते नीट वाचतो का आधी बघा. ३.० मधलं 'नलेबल' (फील्ड रिकामं चालेल ही खूण) ३.१ मध्ये नाही, तिथे 'नल' हा टाइप यादीत द्यावा लागतो, आणि जुनी साधनं तिथे अडखळतात.

चौथ्या दिवशी प्रिझम लावून खोटा सर्व्हर उभा करा. फोनवाला तिथून कामाला लागतो, सर्व्हरची वाट बघत नाही. दोन महिन्यांतले तीन आठवडे इथे वाचतात.

पुढे प्रत्येक बदलाला ओएएसडिफ. जुना आणि नवा करार ताडून कुणाचं काय मोडेल ते तो सांगतो, मोडत असेल तर बिल्ड (कोडची आपोआप होणारी जुळणी) थांबवा.

तुमची फास्टएपीआयची वाटही चालेल, पण अटीवर: निघालेली फाइल गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणारं साधन) ठेवायची, बिल्डमध्ये पुन्हा काढून ताडायची, फरक दिसला की लाल. मग ती फाइल करारच झाली, फक्त लिहिणारा बदलला.

---

कळलाव्या

अट मान्य. मी एवढ्यासाठीच भांडतो, कुणीतरी नीट लिहितं. :)

---

सड्यावरून

शैलीवर पुरेसं बोलून झालं. या कामात खरा घोळ दुसरीकडे होणार आहे: रेंज गेलेली असताना दाबलेलं बटण. फोनने लॉट पाठवला, सर्व्हरने नोंदवला, उत्तर परत येताना रेंज गेली. फोनला वाटतं गेलाच नाही, तो पुन्हा पाठवतो. एका सुरमईच्या लॉटचे दोन लॉट. रात्री हिशेबाला टोपली एक आणि पट्ट्या (हिशेबाच्या चिठ्ठ्या) दोन.

यावर उतारा म्हणजे आयडेम्पोटन्सी-की: तीच विनंती पुन्हा आली हे ओळखायची खूण. हे हेडर (विनंतीसोबत जाणारी माहितीची ओळ) आयईटीएफ या इंटरनेट-मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मसुद्यात आहे, पैशांच्या एपीआयमध्ये मात्र सर्रास वापरतात. करायचं असं:

बटण दाबलं त्या क्षणी फोनने एक यूयूआयडी (दुसऱ्या कशाशीही न जुळणारा लांब क्रमांक) बनवायचा आणि लॉटसोबत फोनच्या डेटाबेसात आधी लिहायचा. पाठवणं त्यानंतर. सगळ्यात जास्त दिसणारी चूक इथेच होते: लोक की पाठवण्याच्या फंक्शनमध्ये बनवतात, म्हणजे प्रत्येक प्रयत्नाला नवी. मग असून नसून सारखीच.

सर्व्हरकडे एक टेबल: फोनचा क्रमांक, की, मजकुराचा हॅश (मजकुरावरून काढलेला छोटा ठसा), उत्तराचा कोड, उत्तर. फोन आणि की मिळून युनिक इंडेक्स, म्हणजे तीच जोडी दोनदा शिरत नाही. विनंती आली की आधी या टेबलात घालून बघा. घातली गेली तर लॉटही त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं नोंदलं जातं किंवा काहीच नाही). दोन वेगळ्या ट्रान्झॅक्शन केल्या की मध्ये सर्व्हर पडल्यावर की आहे आणि लॉट नाही, म्हणजे फोनला 'झालं' सांगून लॉट गायब. दुप्पट लॉट निदान डोळ्यांना दिसतो, गायब झालेला दिसत नाही.

की आधीच असेल आणि हॅश तोच असेल तर जुनं उत्तर जसंच्या तसं. की तीच पण मजकूर वेगळा, तर एचटीटीपीचा चूक-कोड ४२२. पहिली विनंती अजून चालू असेल तर ४०९, फोन थोड्या वेळाने परत येईल.

की किती दिवस ठेवायची? २४ तास पुष्कळ ठिकाणी पुरतात, इथे पुरणार नाहीत. फोन बंद करून खलाशी चार दिवस गावी जाऊ शकतो. निदान ३० दिवस ठेवा. ६०० लॉटचे रोजचे सहाशे, महिन्याला १८ हजार ओळी, पोस्टग्रेसला त्याचं काही नाही.

अँड्रॉइडवर पाठवण्याचं काम वर्कमॅनेजरला द्याल. त्याचा पुन्हा प्रयत्न करण्याआधी थांबायचा वेळ ३० सेकंदांपासून दुपटीने वाढत ५ तासांपर्यंत जातो. लिलाव तीन तासांचा. म्हणजे रेंज आली तरी फोन आरामात बसून राहील. वाढ रेषीय करा, आणि स्क्रीनवर 'पाठवायचे: ७' असा आकडा आणि 'आता पाठवा' हे बटण द्या. तो आकडा दिसला की लेखनिक स्वतःच जरा चढावर, रेंजमध्ये जाऊन उभा राहतो.

---

खाडीकाठ

हे डोक्यातच नव्हतं. मग लॉट क्रमांक कोण देणार? रेंज नसताना दोन फोनांनी दोघांनी '४८' दिला तर?

---

सड्यावरून

दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. ओळख म्हणजे यूयूआयडी, आवृत्ती ७ घ्या (आरएफसी, म्हणजे इंटरनेटचा मानक-दस्तऐवज, क्रमांक ९५६२, मे २०२४). त्यात वेळ पुढे असल्याने इंडेक्स विस्कटत नाही. माणसाला ओरडून सांगायचा क्रमांक वेगळा: फोनचं अक्षर आणि त्या दिवसाचा त्याचा आकडा. क-४८, ग-४८. दोघे कधीच भिडत नाहीत.

'दिवस' म्हणजे कुठला तेही करारात लिहा. रात्री बारानंतर लागलेला लॉट आदल्या संध्याकाळच्या लिलावातला असतो. म्हणून 'लिलावाची तारीख' हे स्वतंत्र फील्ड, वेळेवरून काढायची नाही. वेळ +०५:३० (भारतीय वेळेची खूण) सकट पाठवा, फोनने नोंदवलेली आणि सर्व्हरला मिळालेली अशा दोन्ही ठेवा. फोनचं घड्याळ चुकलेलं असतं हे गृहीतच धरा.

---

दर्यावर्दीण

करारातल्या बारीक गोष्टी, ज्या नंतर महागात पडतात:

पैसे पैशांत, पूर्णांक. वजन ग्रॅममध्ये, पूर्णांक. १२.५ किलो × ६४० हे ८,००० नीट येतं, पण ०.१ आणि ०.२ ची बेरीज बहुतेक भाषांत ०.३ येत नाही, आणि महिनाअखेरीला टॅली पाच पैशांवर अडून बसते. पूर्णांकात करायचं असं: १२,५०० ग्रॅम गुणिले ६४,००० पैसे, भागिले १०००, आणि पूर्णांकन कुठे करायचं ते करारात एका वाक्यात. लॉटवर की पट्टीच्या बेरजेवर? दोन्हींची उत्तरं वेगळी येतात.

माशाचं नाव 'इनम' करू नका. पापलेट, सुरमई, बांगडा, म्हाकूल अशी बंद यादी करारात घातली आणि उद्या मोरी वाढवली की जनरेट केलेला जुना ग्राहक अनोळखी शब्दावर आपटतो. स्ट्रिंग कोड ठेवा, यादी वेगळ्या पत्त्यावर द्या, आणि 'अनोळखी कोड आला तर तसाच दाखवा' असं लिहून ठेवा. नावंही एका गावात सरंगा तर दुसऱ्यात पापलेट. कारखान्याला निर्यातीसाठी एफएओची (संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना) तीन अक्षरी कोडांची यादी उपयोगी पडेल, बांगड्याचा कोड तिथे आरएजी आहे. तो वेगळ्या स्तंभात.

नौकांच्या मराठी नावांवर शोध: 'दर्याराणी'चं कुणी 'दऱ्याराणी' केलं तर तो टंकणाऱ्याचा घोळ, समुद्राची दरी झाली. पण 'किनाऱ्याची' मधला 'ऱ्य' मुळातच दोन तऱ्हांनी साठतो. एकात 'ऱ' हे वेगळं अक्षर, दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि न दिसणारा जोडक. दिसायला सारखे, ताडले तर वेगळे, आणि युनिकोडच्या नेहमीच्या एनएफसी सामान्यीकरणाने एक होत नाहीत. आत घेतानाच एका रूपात आणा. नौका मात्र नोंदणी क्रमांकाने ओळखा, नावाने नाही.

चुका: आरएफसी ९४५७ चा साचा घ्या (जुलै २०२३, आधीचा ७८०७). 'टाइप' यंत्रासाठी, कायम तोच. 'डिटेल' माणसासाठी, मराठीत: 'क-४८ आधीच विकला आहे'. फोनच्या कोडने मराठी वाक्य वाचून निर्णय घ्यायचा नाही. आणि २०० देऊन आत 'चूक: होय' असलं काही करू नका. मधला प्रत्येक प्रॉक्सी त्याला यश समजतो.

दोघांनी एकच लॉट उघडला तर: ईटॅग (नोंदीच्या आवृत्तीची खूण) द्या, बदल करताना इफ-मॅच (तीच खूण परत पाठवणारं हेडर) सक्तीचं. न दिल्यास ४२८, जुळला नाही तर ४१२. विक्री झाल्यावर तर बदल नकोच. दुरुस्तीची नवी नोंद, मूळ तशीच, वहीत लाल शाईने करतात तशी.

---

कळलाव्या

ह्यां सगळां बरां आसा, पण ओल्या हातान फोनाचो पडदो चलना नाय, ता खंयच्या आरएफसीत बसता? :)

---

जेटीवरचा

कुठल्याच नाही. मोठी बटणं आणि कोरडं फडकं.

---

तांबडीमाती

यादी परत मागवण्याबद्दल राहिलं. 'पान ३ द्या' असं ऑफसेटने (वरून मोजून) करू नका. वरून नवे लॉट येत असताना पान सरकतं आणि तोच लॉट दोनदा दिसतो. कर्सर द्या: 'या बदल-क्रमांकानंतरचं'.

त्यातही एक खोच आहे. बदल-क्रमांक पोस्टग्रेसच्या सिक्वेन्सवरून (चढते आकडे देणारी सोय) घेतला तर १०१ वाली ट्रान्झॅक्शन १०२ नंतर कमिट (पक्की) होऊ शकते. फोनने मध्येच विचारलं की त्याला १०२ मिळतो, कर्सर पुढे जातो, १०१ कधीच येत नाही. चाचणीत हे दिसत नाही, फोन एकदम ओततात तेव्हाच होतं. तुमच्या आकारमानाला सोपा उपाय: गेल्या दहा सेकंदांतले बदल यादीत दाखवायचेच नाहीत आणि एकही ट्रान्झॅक्शन दहा सेकंदांहून लांबू द्यायची नाही. यूयूआयडीवरून दुबार आलेलं फोनने गाळावं, ते वेगळं.

कारखान्याला निकाल कळवायचा असेल तर विक्रीच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये 'पाठवायचे' टेबलात ओळ टाका, वेगळा कामगार ती उचलून पाठवेल. विक्रीच्या कोडमधून थेट त्यांना हाक मारली तर त्यांचा सर्व्हर मंद असताना आपला लिलाव थांबतो.

---

खाडीकाठ

आवृत्त्यांचं काय? पत्त्यात 'व्ही१' पुरेल?

---

ओहोटी

पुरेल. फील्ड वाढवणं चालतं. काढणं, नाव बदलणं, सक्तीचं करणं म्हणजे व्ही२. जुनं बंद करण्याआधी सनसेट हेडर (आरएफसी ८५९४) तारखेसकट देत राहा. कारखान्याशी मात्र फोनवर बोला, हेडर कुणी वाचत नाही.

मोडणारे बदल बंदीत करायचे असं सगळ्यांनाच सुचतं आणि तिथेच फसगत आहे. ३१ मे ला खणात गेलेला फोन १ ऑगस्टला उघडतो. त्यात जुनं अॅप आणि कदाचित न पाठवलेले चार लॉट. व्ही१ तोवर बंद केलं असेल तर ते लॉट गेलेच, आणि सड्यावरूनच्या ३० दिवसांच्या कीही संपलेल्या, म्हणजे आधी पोचलेला लॉट पुन्हा घुसणार. म्हणून लॉटचा यूयूआयडी फोननेच द्यावा आणि तीच प्रायमरी की (टेबलातली मुख्य ओळख) ठेवावी. आयडेम्पोटन्सी-की पुसली गेली तरी युनिक इंडेक्स अडवतो. आणि हंगाम बंद करताना सहाही फोन समोर ठेवून 'पाठवायचे: ०' बघूनच खणात. व्ही१ ऑगस्ट संपेपर्यंत चालू.

---

सड्यावरून

हे बरोबर, माझ्या ३० दिवसांत ही फट होती. की ९० दिवस करा आणि यूयूआयडीचं पण करा.

---

खाडीकाठ

धन्यवाद सगळ्यांना. पहिल्या दिवसाचा कागद घेऊन बसलोय, 'वजन' वरच अडलो. बर्फासकट की शिवाय? टोपली ओली असते.

---

दर्यावर्दीण

तीन फील्ड: ढोबळ वजन, टोपलीचं वजन, बर्फाची घट. तिन्ही ग्रॅममध्ये, फोनने पाठवायची. निव्वळ वजन सर्व्हर काढेल आणि उत्तरात देईल, फोनकडून घ्यायचंच नाही. नाहीतर दोन ठिकाणी दोन वजाबाक्या होतात. टोपलीचं वजन दर वेळी टंकायला लावू नका, प्रकारानुसार ठरलेलं ठेवा. पण त्या दिवशी वापरलेला आकडा लॉटसोबत साठवा, कारण टोपल्या बदलल्या की ठरलेला आकडा बदलतो आणि जुन्या पट्ट्या नव्याने मोजल्या जातात. बर्फाची घट किती धरायची हे मात्र दलाल आणि नौकामालकाला एकत्र बसवून विचारा, दोघांसमोर लिहून घ्या.